पीव्हीसीची पेटी उत्तम, हीटिंग किट अर्धेच : बॉल पायथनच्या घराचे परीक्षण

पाळीव सापासाठी पेटी घेताना बहुतेक जण आधी लांबी-रुंदी पाहतात, मग देखणेपणा पाहतात, आणि उष्णतेची सोय शेवटी, जे हाताशी येईल त्यावर भागवतात. वास्तविक पेटी आणि तिची उष्णता या दोन वेगळ्या खरेद्या नव्हेतच. बाहेरच्या उष्णतेवर शरीराचे तापमान राखणाऱ्या या प्राण्याचे पचन, रोगप्रतिकारशक्ती आणि एकूण हालचाल पेटीच्या एका टोकाला किती ऊब आणि दुसऱ्या टोकाला किती गारवा आहे यावर अवलंबून असते. ऊब कमी पडली तर गिळलेले भक्ष्य न पचता साप ते ओकून टाकतो. गार आणि दमट हवेत फार काळ राहिला तर त्याला श्वसनमार्गाचा संसर्ग जडतो. म्हणून हे परीक्षण पेटीच्या दिसण्याविषयी थोडे आणि तिच्यात उष्णता कशी वागते याविषयी अधिक आहे.

परीक्षणासाठी घेतलेली पेटी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच आहे. ती सुट्या फळ्यांच्या स्वरूपात येते आणि घरी जोडावी लागते. फळ्या फोम केलेल्या पीव्हीसीच्या असून समोर दोन सरकत्या काचा आहेत. सोबतच्या किटमध्ये छताला बसवायचे ८० वॉटचे रेडियंट हीट पॅनेल, चालू-बंद पद्धतीचा थर्मोस्टॅट (ठरवलेले तापमान राखणारे यंत्र) आणि काट्याचे दोन चिकटवायचे थर्मामीटर मिळतात. निर्मात्याचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण याच बांधणीच्या पेट्या अनेक जण बनवतात आणि खाली लिहिलेले गुणदोष त्यांतल्या बहुतेकींना थोड्याफार फरकाने लागू पडतात. पेटीतला साप पूर्ण वाढलेली बॉल पायथन मादी आहे. कोणती जात पाळण्यास परवानगी आहे हे त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो; इथे साप बंदिस्त प्रजननातला आणि रीतसर घेतलेला आहे असे गृहीत धरले आहे.

निकाल आधीच सांगतो : पेटी घ्यावी, पॅनेलही घ्यावे, थर्मोस्टॅट बदलावा आणि काट्याचे थर्मामीटर खोक्यातच राहू द्यावेत.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. तिथे तो बराच वेळ उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो, जिथे हवा उबदार, दमट आणि फारशी न बदलणारी असते. त्याला साधारण ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते, आणि काचेची पेटी नेमकी इथेच कमी पडते. काचेतून उष्णता भराभर बाहेर जाते, वरच्या जाळीतून ओलावा उडून जातो, आणि मग माणूस सकाळ-संध्याकाळ पाणी फवारत बसतो. जाळीचा बराचसा भाग झाकून काचेची पेटीही चालवता येते, नाही असे नाही. पण तीन बाजू उघड्या असल्यामुळे लाजऱ्या सापाला सतत आडोसा शोधावा लागतो, त्यामुळे त्या बाजूही झाकाव्या लागतात. इतके सगळे झाकायचेच असेल, तर बंद भिंतींची पेटी का घेऊ नये, हा प्रश्न उरतोच. लाकडी पेटी ऊब चांगली धरते, परंतु लॅमिनेट केलेल्या भुसाबोर्डाच्या कडांत पाणी शिरले की बोर्ड फुगतो आणि मग तो पूर्ववत होत नाही. कोरड्या हवेच्या सापासाठी लाकूड उत्तम. बॉल पायथनसाठी त्याच्या प्रत्येक सांध्यावर सिलिकॉन फिरवण्याची तयारी हवी. पीव्हीसीला पाण्याचे भय नाही, फोममधली हवा उष्णता अडवून धरते, आणि वजन इतके कमी असते की रिकामी पेटी दोघे जण सहज उचलतात.

मापाविषयी जुनी समजूत अशी आहे की मोठ्या पेटीत बॉल पायथन घाबरतो आणि खाणे सोडतो. मोठ्या आणि उघड्याबोडक्या पेटीत तो खरोखरच घाबरतो. मात्र दोष आकाराचा नसून उघडेपणाचा असतो. पेटी आडोशांनी, सालींनी आणि फांद्यांनी भरली की तोच साप रात्री सगळीकडे फिरतो, फांदीवरही चढतो. साप पूर्ण ताणून पसरू शकेल इतकी तरी लांबी असावी, हा साधा निकष मला पटतो. या जातीचे नर बहुधा ९० ते १२० सेंटिमीटरचे आणि माद्या १२० ते १५० सेंटिमीटरच्या होतात. म्हणजे ही पेटी नराला पुरेशी आहे, मोठ्या मादीला या निकषाने थोडी कमीच पडते, आणि विक्रेता तिला प्रशस्त म्हणत असला तरी मी तिला किमान माप म्हणेन.

जोडणी सोपी आहे. फळ्या खाचांत नीट बसतात, स्क्रू पुरेसे दिले आहेत, आणि तळाच्या सांध्यावर आतून मत्स्यालयाचे सिलिकॉन फिरवले की पाणी झिरपत नाही. सिलिकॉनचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नये. नव्या पीव्हीसीलाही स्वतःचा वास असतो, तोही उघड्या हवेत ठेवल्यावर जातो. काचांविषयी मात्र तक्रार आहे. दोन काचा एकमेकींवर सरकतात तिथे मध्ये बारीक फट राहते, आणि किटमध्ये कुलूप नाही. मोठ्या सापाला त्या फटीतून निघता येणार नाही, पण तो नाकाने काच रेटून सरकवू शकतो आणि रेटतोच. जिथून डोके जाते तिथून सगळा साप जातो, हे लक्षात ठेवून काचेचे सरकते कुलूप पहिल्याच दिवशी लावावे. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव जातीचे नुकतेच अंड्यातून निघालेले पिल्लू असेल तर मी ही पेटी त्याला मुळीच देणार नाही. फट पेन्सिलीएवढी असली तरी त्याला पुरते.

आता पॅनेलकडे वळतो. रेडियंट पॅनेल ही छताला घट्ट बसणारी सपाट पाटी असते. तिच्यातून प्रकाश येत नाही, त्यामुळे ती रात्रंदिवस चालवता येते. तिची खालची बाजू तापते आणि वरची पाठ उष्णतारोधक असते, म्हणून ती पीव्हीसीच्या छताला थेट स्क्रूने बसवता येते. पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, हे ध्यानात घेतले तर पॅनेलची ही सोय किती मोलाची आहे ते कळते. दिव्यासारखा दिसणारा सिरॅमिक हीटर पूर्ण शक्तीने चालला की त्याचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जाऊ शकतो. त्याला चिनी मातीचा होल्डर लागतो, छतापासून अंतर लागते आणि भोवती जाळीचा पिंजरा लागतो, कारण साप ऊब शोधत त्याला विळखा घालायला मागेपुढे पाहत नाही. ६० सेंटिमीटर उंचीच्या पेटीत पिंजऱ्यासह सिरॅमिक हीटर टांगला की सापाच्या वाट्याची वरची जागा जाते. पॅनेल ती जागा राखते, आणि साप त्याला वेटोळे घालू शकत नाही.

पॅनेलचेही उणेपण आहे. त्याची उष्णता मुख्यतः दीर्घलहरी अवरक्त असते. ती त्वचेच्या वरच्या थरात आणि पृष्ठभागांवर शोषली जाते, खोल स्नायूंपर्यंत फारशी पोहोचत नाही. हॅलोजन दिवा सूर्याच्या अधिक जवळची, लघुलहरी अवरक्त उष्णता देतो आणि ती शरीरात खोल जाते. म्हणून दिवसा ऊन खाणाऱ्या सापासाठी मी हॅलोजनच निवडेन. परंतु हॅलोजन रात्री बंद करावा लागतो आणि त्याच्यासाठी वेगळा थर्मोस्टॅट लागतो. बिळात दडून, भोवतीच्या उबदार हवेतून ऊब घेणाऱ्या बॉल पायथनला पॅनेल पुरते, असे माझे मत आहे. कोणी पॅनेलच्या जोडीला दिवसा कमी वॉटचा हॅलोजन लावत असेल तर तेही योग्यच.

किटमधली सर्वांत विचित्र गोष्ट म्हणजे पॅनेलची वायर बाहेर काढण्यासाठी छताला दिलेले भोक. ते लांबीच्या जवळजवळ मधोमध आहे. तिथे पॅनेल बसवले की पेटीची दोन्ही टोके सारखीच कोमट राहतात आणि खरे गार टोक कुठेच उरत नाही. बॉल पायथनला उबदार बाजूला पॅनेलखालच्या पृष्ठभागावर सुमारे ३१ ते ३३ अंश आणि गार बाजूला २४ ते २७ अंश हवेत, म्हणजे या दोन टोकांमध्ये सहा-सात अंशांचा उतार तयार व्हायला हवा. १२० सेंटिमीटरच्या लांबीत तो सहज तयार होतो, पण त्यासाठी उष्णता एका टोकाला बसवावी लागते. पीव्हीसीला साध्या ड्रिलने भोक पडते, म्हणून मी उजव्या कडेजवळ नवे भोक पाडले आणि मधले बुच लावून बंद केले. हे काम अवघड नाही. तरीही सापांसाठीच म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत ते गिऱ्हाइकाला करावे लागावे, याचे आश्चर्य वाटते. पॅनेल कडेला गेल्यावर, खोली २२ अंशांच्या आसपास असताना, उबदार टोकाला साल ३२ अंशांवर आणि गार टोकाला जमीन २५ अंशांवर स्थिरावली.

इथे वॉटचा हिशोबही सांगायला हवा, कारण विक्रेते तो पेटीच्या आकारावरून सांगतात आणि खोलीचे तापमान विचारत नाहीत. कोणताही हीटर पेटीला ठरावीक तापमान देत नाही. तो खोलीच्या तापमानावर काही अंशांची भर घालतो. खोली आणि पेटी यांतला फरक वाढला की भिंतींतून बाहेर जाणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. २२ अंशांच्या खोलीत निवांत चालणारे पॅनेल १४ अंशांच्या खोलीत सतत चालू राहूनही कमी पडू शकते. उलट, गरजेपेक्षा फार मोठा हीटर घेऊन सारा भार थर्मोस्टॅटवर टाकणे हेही धोक्याचे, कारण थर्मोस्टॅट बिघडला तर तोच हीटर पेटीची भट्टी करतो. खोलीच्या सर्वांत थंड दिवसांना जेमतेम पुरेल इतका वॉट असावा. ८० वॉट हा या पेटीसाठी मध्यम हवामानाच्या खोलीत योग्य आकडा आहे.

थर्मोस्टॅटविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण सापाच्या पेटीत जीवघेणी चूक घडते ती बहुतेक वेळा इथेच. किटमधला थर्मोस्टॅट चालू-बंद पद्धतीचा आहे : ठरलेल्या तापमानाखाली पॅनेल पूर्ण चालू, त्यावर पूर्ण बंद. पॅनेल सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे ही पद्धत त्याच्याबरोबर खपून जाते. तापमान दीड-दोन अंश वर-खाली होत राहते इतकेच. हॅलोजनसाठी हाच थर्मोस्टॅट अजिबात चालणार नाही, कारण दिवा सारखा लागत-विझत राहील. त्याला प्रकाश कमी-जास्त करणारा डिमिंग थर्मोस्टॅटच हवा. पॅनेल आणि सिरॅमिक हीटर यांसाठी पल्स पद्धतीचा थर्मोस्टॅट सर्वांत चांगला, कारण तो वीज लहान लहान हिश्श्यांत देतो आणि तापमान जवळजवळ एका रेषेत ठेवतो.

मी थर्मोस्टॅट बदला म्हणतो त्याचे मुख्य कारण मात्र त्याची पद्धत नाही, त्याचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाला असलेला तापमान टिपणारा भाग, आहे. किटमध्ये प्रोब चिकटवण्यासाठी दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा दिला आहे. सापाच्या पेटीत चिकटपट्टी हा निषिद्ध पदार्थ आहे. उबेने आणि ओलाव्याने तिची पकड सुटते, ती सापाच्या अंगाला लागते, आणि ओढून काढताना खवले आणि त्याखालची नाजूक त्वचा निघते. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. सुटलेला प्रोब गार टोकाकडे सरकला किंवा पाण्याच्या भांड्यात पडला, तर थर्मोस्टॅटला वाटते की पेटी गार आहे, आणि तो पॅनेल चालूच ठेवतो. यंत्र बिघडलेले नसते, ते इमानेइतबारे चुकीच्या जागेचे तापमान राखत असते. म्हणून प्रोब पॅनेलच्या बरोबर खाली, साप जिथे पडून राहतो त्या पातळीजवळ, स्क्रूने बसवलेल्या क्लिपमध्ये किंवा भिंतीतल्या भोकातून आणून आतल्या बाजूने घट्ट आवळून ठेवावा. या किटमधल्या प्रोबची वायर इतकी आखूड आहे की ती मागच्या बाजूने फिरवून आणताना ताणली जाते, आणि ताणलेली वायर आज ना उद्या निसटते.

चालू-बंद थर्मोस्टॅटच्या आतल्या रिलेचे, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कळीचे, टोक कधी कधी चिकटून बसते आणि वीज बंद होण्याऐवजी चालूच राहते. त्यावर उपाय आहे : पॅनेलच्या मार्गात एकामागोमाग दोन थर्मोस्टॅट लावावेत, दुसरा तीन-चार अंश वर लावलेला, म्हणजे पहिला अडकला तर दुसरा वीज तोडेल. ज्याला किटमधला थर्मोस्टॅट फेकवत नाही त्याने तो या दुसऱ्या, राखणीच्या कामावर नेमावा. तेवढ्यापुरता तो उपयोगी आहे.

मोजण्याच्या साधनांत काटकसर करू नये. काट्याचे थर्मामीटर भिंतीला चिकटतात आणि भिंतीजवळच्या हवेचेच तापमान, तेही अंदाजाने, दाखवतात. साप भिंतीवर राहत नाही. दोन डिजिटल प्रोब थर्मामीटर, एक उबदार आडोशात आणि एक गार आडोशात, एवढे किमान असावे. बंदुकीसारखे अवरक्त थर्मामीटर पृष्ठभाग मोजायला उत्तम आहे, पण काच उघडून मोजावे. काचेआडून मोजले तर ते काचेचेच तापमान सांगते, आणि चकचकीत धातूवरही ते फसते. सगळे बसवून झाल्यावर साप आत सोडण्यापूर्वी पेटी काही दिवस रिकामी चालवावी आणि पहाटेचे तसेच भर दुपारचे आकडे पाहावेत. कागदावर सुंदर दिसणारी मांडणी पहाटेच उघडी पडते.

आडोसे हा उष्णतेचाच भाग आहे, सजावटीचा नाही. आडोसा फक्त उबदार बाजूला असेल तर साप तापला तरी तिथेच बसतो. फक्त गार बाजूला असेल तर उपाशी-गारठलेला तिथेच दडतो. सुरक्षितता आणि योग्य तापमान यांत निवड करायची वेळ आली की बॉल पायथन सुरक्षितता निवडतो. म्हणून दोन्ही टोकांना सारखेच, अंगाला घासतील इतके घट्ट आणि एकाच तोंडाचे आडोसे हवेत. पॅनेलची ऊब वरून येत असल्याने आडोशाचे छत जाड असले तर आत ऊब उशिरा आणि कमी पोहोचते. पातळ प्लास्टिकचा आडोसा इथे जाड दगडी आडोशापेक्षा सरस ठरतो, जरी तो दिसायला सामान्य असला. आकडा आडोशाच्या डोक्यावर नाही, आत मोजावा.

हवा खेळण्यासाठी पेटीच्या मागच्या भिंतीला दोन लहान जाळ्या आहेत, दोन्ही एकाच उंचीवर. एक खाली आणि एक वर असती तर उबदार हवा वरून बाहेर जाऊन खालून ताजी हवा आत आली असती. आहे त्या रचनेत ओलावा भरपूर टिकतो, इतका की काचेवर सतत पाणी दिसत असेल तर काचा बोटभर सरकवून कुलूप त्या जागी लावावे लागते, अर्थात साप मोठा असेल आणि फट त्याच्या डोक्याहून लहान असेल तरच. आर्द्रता जास्त म्हणजे चांगली असे नव्हे. नारळाच्या सालीचा जाड थर खालून ओलसर आणि वरून कोरडा राहावा, यासाठी फवारण्यापेक्षा कोपऱ्यात पाणी ओतणे बरे. वरचा थर कायम ओला राहिला तर पोटाकडच्या खवल्यांवर फोड येऊन ते कुजू लागतात. सीडरसारख्या सुगंधी तेलाच्या लाकडाचा भुसा मात्र कोणत्याही सापाखाली घालू नये.

हीट मॅटविषयी, म्हणजे पेटीच्या तळाशी बसवायच्या तापणाऱ्या चटईविषयी, विचारणा नेहमी होते. मॅट या पेटीत बसवता येते, पण ती हवा तापवत नाही, आणि जाड थराखाली उष्णता कोंडून मॅटचा पृष्ठभाग वाढत्या तापमानाकडे जातो. साप थर उकरून खाली पोहोचला की भाजतो, आणि भाजत असतानाही बऱ्याचदा तिथून हलत नाही. तापणारा नकली दगड तर याहून वाईट. लहान पिल्लाच्या डब्यात, कागदाच्या पातळ बिछायतीवर आणि थर्मोस्टॅटसह मॅट ठीक आहे. चार फुटी पेटीत नाही.

हीच पेटी कॉर्न स्नेकसाठी घ्यायची असेल तर मांडणी थोडी बदलावी लागते. त्याला उबदार जागेवर २९ ते ३२ अंश आणि गार टोकाला २२ ते २४ अंश पुरतात, आर्द्रताही कमी लागते, आणि तो चढणारा साप असल्याने ६० सेंटिमीटरच्या उंचीचा खरा उपयोग तोच करतो. रात्री त्याचे पॅनेल बऱ्याच खोल्यांत बंदही ठेवता येते. बॉल पायथनला रात्री दोन-तीन अंशांची घट चालते, त्याहून अधिक नको.

वीज गेली तर ही पेटी काचेच्या पेटीपेक्षा कितीतरी सावकाश निवते, आणि वर एखादे जाड पांघरूण टाकले की आणखी सावकाश. काही तासांचा गारवा निरोगी साप सहन करतो. मात्र नुकताच खाऊ घातलेला साप असेल तर काळजी वाढते, म्हणून वीज जाण्याची सूचना असेल त्या दिवशी खाऊ घालणे पुढे ढकलावे. वीज परत आल्यावर किटमधला डायलचा थर्मोस्टॅट आपल्या जागी होता तसाच सुरू होतो, ही त्याची एक चांगली बाजू. काही डिजिटल थर्मोस्टॅट मात्र वीज गेल्यावर लावलेले तापमान विसरून कारखान्यातल्या मूळ आकड्यावर जातात. नवा थर्मोस्टॅट घेतल्यावर पॅनेल जोडण्याआधी तो एकदा प्लगमधून काढून पुन्हा लावावा आणि पडद्यावर कोणता आकडा येतो ते पाहावे.